विषय चौथा: वंशवृक्षातील नव्या नोंदी

नेस्तोरीने लाकडी हातोडी दोनदा टेबलावर आपटली आणि कोट ठेवायच्या खोलीचं दार लावून घ्यायला सांगितलं. कुणी उठलं नाही. मग तो स्वतःच उठला, साठ माणसांच्या मधून काठी टेकत गेला, दार ओढून घेतलं आणि परत येऊन अध्यक्षाच्या खुर्चीत बसला. विर्तामो घराण्यात नेस्तोरीने लावलेलं दार दुसऱ्या कुणी उघडायचं नसतं.

त्या दाराआड डोळ्यांची डॉक्टरीण बसली होती. बाई तरुण होती, किनाऱ्याकडच्या स्वीडिश बोलणाऱ्या लोकांतली, आडनाव लिंड्रूस. रविवार असूनही ती शहरातून आली होती, आणि गाडीच्या मागच्या भागात दिव्याचं यंत्र घोंगडीत गुंडाळून आणलं होतं. सकाळी दहाला तिने ते खोलीतल्या टेबलावर मांडलं, समोर एक स्टूल ठेवलं. आता साडेबारा वाजून गेले होते आणि त्या स्टुलावर घराण्यातलं एकही माणूस जाऊन बसलं नव्हतं.

नेस्तोरीची बहीण टेक्लाही गेली नव्हती. ती शेवटच्या रांगेत खिडकीजवळ बसली होती, मांडीवर फोटोंची पिशवी घेऊन. खिडकी उघडी होती आणि क्युमी नदीवरून वारा येत होता. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं की ती रुमालाने टिपायची. सहासष्ट वर्षांच्या, बिनलग्नाच्या, उभा जन्म फोटोच्या काळोख्या खोलीत काढलेल्या बाईकडे कोण बघतंय, अशी तिची समजूत होती, आणि ती बरीचशी खरीही होती. बावीस वर्षं ती ह्या कुलमेळाव्याचे फोटो काढत आली होती. बावीस वर्षांत ती सभेत एकदाही बोलली नव्हती.

आज बोलायचं होतं.

बोलायचं होतं ते इर्यासाठी. इर्या तिच्या धाकट्या भावाची, तोइव्होची मुलगी. तोइव्होला जाऊन नऊ वर्षं झाली होती. चौतीस वर्षांची इर्या नदीच्या खालच्या अंगाच्या कारखान्यात कागद निवडायचं काम करायची. समोर कोऱ्या कागदांची थप्पी, दोन्ही हातांनी ताव उलटत जायचे, डाग दिसला की ताव बाजूला. डोळ्यांवरच चालणारं काम. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तिने पापणी उघडली आणि डोळ्याची काचच सोलून निघाल्यासारखी कळ आली. मग ते महिन्यातून एकदा व्हायला लागलं, मग आठवड्याला. गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी पाहिलं. बुबुळावरच्या काचेत फांद्या फुटल्यासारख्या रेषा, आणि काचेला संवेदना कमी. विषाणूचं दुखणं, ते म्हणाले, अगदी पुस्तकात असतं तसं. तीन वर्षं तिने विषाणूवरचे थेंब घातले. डोळा धूसरच होत गेला. शेवटी हेलसिंकीच्या मोठ्या इस्पितळाने तारीख दिली: उजव्या डोळ्याची धूसर काच गोल कापून काढायची आणि मेलेल्या माणसाची स्वच्छ काच तिथे शिवायची. येत्या बुधवारी.

ही लिंड्रूस म्हाताऱ्या डॉक्टरांच्या रजेपुरती आली होती. तिने इर्याचा न दुखणारा डावा डोळाही पाहिला. तिथेही त्याच रेषा होत्या, काचेच्या बारीक धाग्यांसारख्या, कडेकडून मध्याकडे येणाऱ्या. ती म्हणाली, विषाणू दोन्ही डोळ्यांत इतकी सारखी जाळी विणत नाही. हे रक्तातून आलेलं दिसतं. त्यात एक मेणासारखा पदार्थ काचेत साठत जातो आणि तिथल्या मज्जातंतूंना मारतो. चाळिशी-पन्नाशीनंतर चेहऱ्याचेही तंतू जातात, कपाळ उतरतं, खालची पापणी लोंबते, ओठ सैल होतात. अशा बधिर डोळ्यात नवी काच शिवली तर टाके घालता येतील, पण वरची त्वचा धरेल की नाही सांगता येत नाही, आणि न मिटणारी पापणी तिला राखणार नाही. असं असेल तर आता कापू नये. थेंब, मलम, रात्री पापणीवर पट्टी, एवढ्यावर डोळा कित्येक वर्षं निभावतो.

पण हेलसिंकीतले मोठे डॉक्टर एका बदली डॉक्टरणीच्या अंदाजावर तारीख पुढे ढकलायला तयार नव्हते. ते म्हणाले, घराण्याचा रोग असेल तर घराण्यात दाखव. साठीपुढची तीन माणसं, डोळ्यांत त्याच रेषा असलेली, लेखी. सोमवारी सकाळी फोनवर.

इर्याने आधी फोटोंचा अल्बम नेऊन दाखवला होता. टेक्लाकडूनच नेला होता. लिंड्रूसने पानामागून पान उलटलं. सत्तरीच्या विर्तामोंचेसुद्धा चेहरे ढोलकीच्या कातड्यासारखे ताठ, ओठ सरळ, पापण्या जागच्या जागी. तिने प्रामाणिकपणे हेलसिंकीला लिहिलं की कुटुंबाच्या छायाचित्रांत काही लक्षण दिसत नाही. इर्या म्हणाली होती, प्रत्यक्षात जरा उतरलेले असतात हो चेहरे. पण म्हातारपणी चेहरे कुणाचे उतरत नाहीत? तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, मग मला माणसंच पाहू दे.

अल्बम परत करताना इर्याने हे सगळं सांगितलं. टेक्ला "हं" म्हणाली आणि तिने कॉफीचं आधण ठेवलं. तीन दिवस तिच्या तोंडात घास फिरत होता. चौथ्या दिवशी तिने फोटो ज्यांच्यावरून छापायचे त्या काचेच्या जुन्या प्लेटांची पेटी खाली काढली आणि टर्पेंटाइनची बाटली उघडली.

आज पहिला विषय संपताच इर्या उभी राहिली. उजव्या डोळ्यावर पट्टी होती.

"काका, तीन माणसं हवीत. प्रत्येकाची दहा मिनिटं. एवढंच मागतेय."

"हा मेळावा आहे, दवाखाना नाही," नेस्तोरी म्हणाला. "विषयपत्रिकेवर नाही ते बोलायचं नाही."

"मी पत्र पाठवलं होतं."

"मिळालं. वैयक्तिक बाब म्हणून बाजूला ठेवलं."

"डोळा माझा आहे, पण जाळी घराण्याची आहे म्हणतात."

"आपल्या घराण्याला कसलाही रोग नाही," नेस्तोरी म्हणाला. "आपण तीन पिढ्या ह्या नदीतून तरंगत्या ओंडक्यांवर उभं राहून लाकूड नेलं. पाण्यावरचं ऊन डोळ्यांत घेतलं. त्याने डोळे ओलावतात आणि चेहरा गंभीर होतो. हसऱ्या चेहऱ्याचं माणूस ओंडक्यावर उभं राहत नाही."

मागून आर्मास, नेस्तोरी-टेक्लाचा आतेभाऊ, एकसष्ट वर्षांचा, म्हणाला, "जाळी असती तर एव्हाना मासे तरी मिळाले असते." सगळे हसले. आर्मासने हसतच बशीतली कॉफी ओठांना लावली आणि विर्तामोंच्या रीतीप्रमाणे उजव्या हाताचं एक बोट तोंडाच्या कोपऱ्यावर दाबून धरलं. तिथल्या कितीतरी लोकांनी तसंच केलं. ही घराण्याची मोठी अभिमानाची रीत होती. पाच-सहा वर्षांची पोरंही दूध पिताना बोट लावायची, आणि आयांना कौतुक वाटायचं, की बघा, घरंदाज वळण कसं आपोआप येतं.

टेक्लाला माहीत होतं ते बोट कशासाठी असतं. बोट नसेल तर कॉफी हनुवटीवरून ओघळते.

इर्या खाली बसली. रडली नाही. पट्टीखालचा डोळा तेवढा तिने तळव्याने झाकून घेतला.

मग दुसरा विषय झाला, तिसरा झाला. स्मशानातल्या दगडावरची अक्षरं पुन्हा रंगवायची का, ह्यावर पाऊण तास गेला. दारामागून एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. टेक्लाला वाटलं, डॉक्टरीण उठली, चालली. पण गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही.

"विषय चौथा," नेस्तोरीने वाचलं. "वंशवृक्षातील नव्या नोंदी. टेक्ला लावेल."

मंचामागच्या भिंतीवर आठ फूट उंच फळी होती. त्यावर शाळामास्तरांनी रंगवलेलं बर्चचं झाड आणि फांद्याफांद्यांवर दोनशेच्या वर लंबगोल फोटो. दरवर्षी ह्या विषयाला टेक्ला उठायची, वर्षभरात जन्मलेल्यांचे फोटो टाचण्यांनी लावायची आणि जागेवर येऊन बसायची. लोक तेवढ्यात केक कापून घ्यायचे. आजही स्ट्रॉबेरीच्या केकपाशी रांग लागली.

तिने दोन बाळं लावली. नेस्तोरी "आभार, विषय पाचवा" म्हणाला. टेक्ला खाली बसली नाही. तिने पिशवीतून तिसरा फोटो काढला आणि खोडाजवळ, आपल्या बाबांच्या फोटोवर, टाचणीने लावला.

पुढच्या रांगेतलं कुणीतरी "अरे" म्हणालं.

तेच बाबा होते. तोच कोट, तीच घड्याळाची साखळी. पण कपाळ भुवयांवर उतरलेलं होतं, खालच्या पापण्या लोंबून आतली लाल कड दिसत होती आणि तोंडाचा डावा कोपरा ओघळला होता. डोळे काचेच्या जुन्या गोट्यांसारखे दुधाळ होते.

तिने चौथा लावला, ओल्गा आत्याचा. पाचवा. केकची रांग मोडली.

"टेक्ला," नेस्तोरी म्हणाला, "खाली बस."

"विषय चौथा चालू आहे," टेक्ला म्हणाली. "नव्या नोंदी."

तिचा आवाज तिलाच परका वाटला. ओठ नीट मिटत नसल्यामुळे काही अक्षरं फुसफुसत निघायची. म्हणून तर ती बोलायची नाही. पण सभागृहात इतकी शांतता होती की ती फुसफुसही शेवटच्या रांगेपर्यंत पोचली.

"हे चेहरे कुठून आणलेस?"

"प्लेटांच्या काचेवर होतेच. मी ते झाकले होते." ती लोकांकडे वळली, पण बघितलं तिने जमिनीकडे. "विपुरीला फोटोचं काम शिकले तेव्हा प्लेटवर पेन्सिल फिरवायला शिकले. अगदी कडक शिशाची पेन्सिल, सुईसारखं टोक. सुरकुती भरून काढता येते. पापणी उचलता येते. एक पापणी उचलायला मला दोन तास लागायचे. ओठाला त्याहून जास्त. चाळीस वर्षं मी हेच केलं. तुमच्यातल्या प्रत्येकाचं केलं. तुम्ही फोटो बघून म्हणायचात, टेक्लाचा हात चांगला आहे. इर्याने तो अल्बम डॉक्टरला दाखवला आणि डॉक्टरने लिहिलं, ह्या घरात काही नाही. ते तिने नाही लिहिलं, मी लिहिलं. माझ्या पेन्सिलने."

तिने तोइव्होचा फोटो लावला. इर्या खुर्चीवरून उठून मंचाखाली आली आणि एका डोळ्याने बराच वेळ बघत राहिली.

"असेच होते बाबा," ती म्हणाली. "मी विसरत चालले होते. तो दुसरा फोटो बघून बघून मला तोच खरा वाटायला लागला होता."

नेस्तोरीचा हात हातोडीवर होता, पण त्याने ती आपटली नाही. हळू आवाजात तो म्हणाला, "मेलेल्या माणसांची विटंबना आहे ही."

"विटंबना मी चाळीस वर्षं केली. ह्या आठवड्यात पुसली."

"तुला सांगितलं होतं म्हणून केलीस ना? बाबांनी सांगितलं होतं. विनाकारण सांगितलं होतं का? तुला आठवतं, दप्तर घेऊन सरकारची माणसं फिरायची तेव्हा? कुठल्या घराण्यात कुठला रोग आहे ते लिहून न्यायची. वरच्या गावातल्या त्या बहिणींना लग्न करू दिलं नाही. आपल्या दारावरून तो माणूस पुढे गेला, कारण भिंतीवर तुझे फोटो होते. तुझ्या पेन्सिलने ही साठ माणसं जन्माला घातली, टेक्ला. आता तीच तू यादीत घालायला निघालीस."

हे मात्र खरं होतं. टेक्लाला तो माणूस आठवत होता, त्याचे भिजलेले बूट आठवत होते. तिला क्षणभर वाटलं, आपण चुकलोच. नेस्तोरी नेहमी तिच्यापेक्षा जास्त विचार करून बोलायचा. मग तिची नजर इर्यावर गेली.

"तो गेला, नेस्तोरी. केव्हाच गेला. त्याला घाबरून आपण अजून दार लावून बसलोय, आणि बुधवारी इर्याचा डोळा कापतील."

टेक्लाने आणखी चार फोटो लावले. पाचव्या वेळी आर्मास बोट पुसत पुढे आला.

"माझा आहे का त्यात?"

"आहे. तीन वर्षांपूर्वीचा."

त्याने फोटो हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला. "च्यायला," तो म्हणाला, "हा तर मी आहे. घरी टांगलाय तो कोण मग? माझी बायको रोज कुणावरची धूळ पुसते?" ह्या वेळी कुणी हसलं नाही, आणि तोही हसला नाही. "ओंडक्यांवर मी शिट्टी वाजवली की नदीच्या त्या तीरावरचे कुत्रे भुंकायचे. पन्नाशीला शिट्टी गेली. मी दातांना दोष दिला, दात काढून घेतले सगळे. चांगले दात होते, टेक्ला."

तो वळला, चालत गेला आणि नेस्तोरीने लावलेलं दार उघडून आत गेला.

टेक्ला त्याच्या मागे गेली. खिडकीवर टांगायला तिने स्टुडिओतला काळा पडदा सकाळीच आणून दिला होता; आत काळोख होता आणि यंत्राच्या दिव्याची एक उभी, कागदाच्या कडेइतकी पातळ फट आर्मासच्या बुबुळावर पडली होती. लिंड्रूसने त्याची हनुवटी आधारावर ठेवली, डोळा वर, खाली, डावीकडे करायला लावला. तिचं फिनिश बोलणं जरा गाण्यासारखं होतं. तिने कागद पुढे ओढला. तिचं पेन चालेना. तिने झटकलं, पुन्हा ओढलं. टेक्लाने एप्रनच्या खिशातून आपली पेन्सिल काढून दिली. आर्मासचं नाव त्या टोकदार शिशाने इतकं बारीक उमटलं की डॉक्टरीण स्वतःच ते जवळ धरून वाचायला लागली. मग टेक्ला स्टुलावर बसली. दुसरं नाव झालं.

तिसरी ओळ कोरी होती.

टेक्ला आणि डॉक्टरीण परत सभागृहात आल्या तेव्हा कुणीही जागचं हललेलं नव्हतं. साठीपुढचे आणखी चौघे होते, चौघेही नेस्तोरीकडे बघत होते. तो हो म्हणाला असता तर चौघे उठले असते. तो वंशवृक्षाकडे पाठ करून बसला होता.

"ऑगस्टात माझ्या नातीचं लग्न आहे," तो म्हणाला. "त्या मुलाचे आईवडील काय म्हणतील?"

टेक्लाच्या पिशवीत एक फोटो राहिला होता. तो तिने लावला नव्हता. सकाळपासून ठरवत होती की तो काढायचा नाहीच. आता तिने तो काढला आणि नेस्तोरीच्या टेबलावर पालथा ठेवला.

कॉफीच्या भांड्यामागून सायमा आली, हात पुसत. नेस्तोरीची बायको, एकोणसत्तर वर्षांची. नदीपलीकडच्या मोठ्या शेतघरातली मुलगी होती ती, आणि चालताना ते अजून दिसायचं.

"हा कुणाचा?"

"राहू दे," नेस्तोरी म्हणाला.

"बत्तीस सालचा," टेक्ला म्हणाली. "तुझ्या वडिलांनी आमच्या घरच्यांचा मागितला होता. मागणी घालायच्या आधी. मी पहिल्यांदा पेन्सिल लावली ती ह्याच्यावर. तुला फसवलं, सायमा."

सायमाने फोटो सुलटा केला. खिडकीशी नेला. तिच्या खांद्यांकडे बघून टेक्लाला वाटलं, ती रडतेय. पण ती हसत होती.

"माझ्या बापाने हा फोटो भिंगाखाली धरला होता," ती म्हणाली. "बाजारात घोड्याचे दात बघतात तसा. दोन दिवस बघत होता. आणि म्हणाला, माणसं धडधाकट आहेत." ती नेस्तोरीसमोर येऊन उभी राहिली. "लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी तुझ्या वडिलांना सूप पिताना पाहिलं तेव्हाच मला कळलं. माझ्या बापालाही कळलं. तो परत न्यायला आला होता, तुला माहीत नाही. मी म्हटलं, मी काही फोटोशी लग्न केलेलं नाही."

नेस्तोरीने मान वर केली.

"एकेचाळीस वर्षं हा माणूस माझ्या शेजारी उघड्या डोळ्यांनी झोपतोय," सायमा सगळ्यांना म्हणाली. "पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मेला. आता मी त्याच्या डोळ्यांवर ओला रुमाल टाकते, आणि सकाळी तो उठायच्या आत काढून घेते, म्हणजे त्याला कळायला नको. बस झालं हे नाटक. ऊठ, नेस्तोरी."

"आणि नातीचं?"

"म्हणून तर ऊठ. तिच्या सासरच्यांना ह्या वेळी फोटो नको पाठवूया. जेवायला बोलवूया. सूप करते मी."

तो उठला. काठी टेकत, मघाशी गेला होता त्याच वाटेने. दारापाशी जरा थांबला, तेव्हा सायमाने त्याच्या कोपराला हात लावला.

टेक्लाने पडदा धरून ठेवला होता. लिंड्रूस त्याच्या डोळ्यांत बघत असताना तिने टेक्लाला खूण केली आणि आपली जागा दिली. भिंगातून नेस्तोरीचा डोळा बशीएवढा दिसत होता. उजेडाच्या फटीत ते धागे होते, पारदर्शक, एकमेकांना छेदणारे. तळघरात ओलीला राहिलेल्या प्लेटवर वार्निश तडकतं ना, तसे. पुसता येणार नव्हते.

मग डॉक्टरणीने कापसाचा बारीक धागा वळला आणि बाजूने, न सांगता, नेस्तोरीच्या बुबुळाला लावला. तो स्थिर बसून होता.

"पापणी हलली नाही तुमची," ती म्हणाली.

"नाही हलायची," नेस्तोरी म्हणाला. "लढाईत खंदकावर गोळा फुटला, रेती डोळ्यांत गेली, तरी मी बंदुकीवरून नजर काढली नव्हती. विचारा कुणालाही."

ती गोष्ट दर मेळाव्याला व्हायची. लिंड्रूसने धागा खाली ठेवला.

"विर्तामोसाहेब, डोळ्याच्या काचेला धागा लागला तर कितीही धीट माणूस पापणी मिटतो. ते हातात नसतं. तुम्हाला लागलेलं कळलंच नाही. खालच्या बाजूला जखम आहे, निदान आठवडाभराची. तीही कळली नसेल."

नेस्तोरीची हनुवटी आधारावरच होती.

"म्हणजे खंदकातसुद्धा," तो म्हणाला, "मला नुसतं कळलंच नव्हतं."

सायमा काळोखात दाराशी उभी होती. ती म्हणाली, "रेती कळली नसेल. गोळे तर कळत होते ना? तरी बसून राहिलास." आणि डॉक्टरणीला म्हणाली, "जखमेला काय लावायचं ते मला सांगा. त्याला सांगून उपयोग नाही."

तिसरं नाव कागदावर उमटलं.

इर्या बाहेर वाट बघत होती. लिंड्रूसने तिला कागद दाखवला आणि सांगितलं की सकाळी आठला ती हेलसिंकीला फोन करेल, बुधवार रद्द होईल. इर्याने विचारलं, मग डोळा बरा होईल का? नाही, डॉक्टरीण म्हणाली. रेषा जाणार नाहीत, वाढतीलही. कागद निवडायचं काम कदाचित सोडावं लागेल. पण विषाणूचे थेंब आजपासून बंद, दिवसभर साधे थेंब, रात्री मलम आणि पट्टी; सकाळी पापणी आधी बोटाने हलवून मगच उघडायची. ह्याने सोलणं थांबेल. डोळा तुझा तुझ्याकडे राहील. इर्याने मान हलवली. मग तिने टेक्ला आत्याचा हात धरला आणि सोडलाच नाही. दोघींच्या मागे तोवर उरलेले चौघे स्टुलासाठी रांगेत उभे राहिले होते, आणि त्यांच्या मागे त्यांची मुलं.

मेळाव्याचा फोटो नेहमी पाचला निघायचा, नदीकडच्या पायऱ्यांवर. खुर्च्या मांडल्या गेल्या. टेक्लाने तिपाई उभी केली, जुना लाकडी कॅमेरा चढवला, काळं कापड डोक्यावर घेतलं. दरवर्षी ती हातानेच खुणा करायची: हनुवटी वर, ओठ घट्ट, डोळे मिटा, आणि तीन टाळ्या झाल्या की उघडा. वाऱ्यात विर्तामोंचे डोळे फार वेळ उघडे ठेवले की पाणी वाहतं, म्हणून तिने शोधून काढलेली ही युक्ती होती. सवयीने सगळ्यांनी हनुवट्या वर केल्या, डोळे मिटले आणि वाट बघत राहिले.

टेक्ला कापडातून बाहेर आली.

"डोळे उघडे ठेवा," ती म्हणाली. "बसा आपले जसे बसता तसे."

एकेकाने डोळे उघडले. आर्मासने ओठावरचं बोट काढलं. पहिल्या रांगेच्या मधोमध बसलेल्या नेस्तोरीने तिला जवळ बोलावलं. त्याच्या डोळ्याला मलम होतं, ते उन्हात चकाकत होतं.

"हा जरा नीट करशील ना?" त्याने हळूच विचारलं.

"नाही."

"फार नको. थोडासा. पापणीपाशी."

"पेन्सिल नाहीये माझ्याकडे. डॉक्टर घेऊन गेली, नावं लिहायची होती अजून."

त्याने शेजारच्या खुर्चीवरची काठी उचलून पायाशी ठेवली. ती खुर्ची बावीस वर्षं रिकामी असायची. फोटो काढणाऱ्या बाईच्या नावाची, कधी कुणी न बसलेली.

टेक्लाने इर्याला बोलावलं, कापडाखाली उभं केलं, तिच्या हातात फोटो टिपायची कळ दिली आणि जाऊन त्या खुर्चीवर बसली. समोर कॅमेऱ्याचं भिंग होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्याच्या ह्या बाजूला होती आणि हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. शेवटी मांडीवर ठेवले.

"आत्या," कापडाखालून इर्याचा आवाज आला, "सगळे उलटे दिसताहेत."

"तसंच दिसतं. सगळे आहेत का चौकटीत?"

"आहेत. तूही आहेस."

नदीवरून वारा आला. टेक्लाच्या डाव्या डोळ्यातून पाणी निघालं, लोंबत्या पापणीच्या कडेवर जरा थांबलं आणि गालावरून ओघळायला लागलं. रुमाल तिच्या बाहीतच होता.

"दाब," ती म्हणाली.